थांबा

माझ्या आजोळच्या अंगणातून पानवलचा पूल दिसतो. अख्खा नाही दिसत, मधे आंब्याची दोन झाडं येतात आणि एका बाजूने डोंगर आडवा येतो, पण मधले चार खांब आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेली ती सरळ राखाडी रेघ व्यवस्थित दिसते. गाडी येते ते आधी कानाला कळतं, मग इंजिन दिसतं, मग एकामागून एक डबे, आणि मोजायला घेतले तर मोजून व्हायच्या आत गाडी पलीकडे गेलेली असते. पूल ४२४ मीटर लांब आणि उंची ६५ मीटरच्या आसपास, म्हणजे वीस मजली बिल्डिंग नदीत उभी केली तर तिच्या गच्चीवरून गाडी जाईल एवढा. कोकण रेल्वे झाली तेव्हा देशातला सगळ्यात उंच रेल्वे पूल हाच होता. रत्नागिरी सोडून सावंतवाडीकडे निघालं की थोड्याच वेळात तो येतो आणि डब्यातली सगळी माणसं खिडकीकडे सरकतात, मोबाईल बाहेर काढतात, कुणीतरी लहान मुलाला उचलून खाली बघ म्हणून दाखवतं. खाली जे दिसतं त्यातलं एक कौलारू घर माझ्या मामाचं.

मी लहानपणी उन्हाळ्यात तिथे असायचो, आणि तो पूल होताना मी पाहिला. ९३ किंवा ९४ चा मे महिना असेल. खांब आधी झाले होते, पोकळ, आठ बाजूंचे, आणि इतके उंच की मान मागे टाकून बघताना तोल जायचा. वरचा भाग मात्र खालून परांची बांधून केला नाही, तेवढ्या दरीत ते जमण्यासारखंच नव्हतं. एका टोकाला डोंगराच्या कडेवर काँक्रीटचा तुकडा ओतायचा, तो पक्का झाला की मागून जॅक लावून पुढे ढकलायचा, मग त्याच्या पाठीला पुढचा तुकडा ओतायचा, परत ढकलायचं. सगळ्यात पुढे लोखंडी नाकाड होतं, ते हळूहळू पुढच्या खांबाकडे जायचं. भारतात पुलासाठी ही पद्धत पहिल्यांदा इथेच वापरली, हे मला फार नंतर वाचून कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की पूल चालतोय असं सगळे म्हणतात आणि मला तर तो जागचा हलताना दिसत नाही.

मी मामाच्या मागे लागलो. मामा तेव्हा पंचविशीतला, मला घेऊन खाली मळ्यात गेला. जेवायच्या आधीची वेळ, कापलेल्या भाताच्या खुंटांवर खांबाची सावली पडली होती आणि तिच्या थोडं पुढे पुलाच्या त्या नाकाडाची सावली. मामाने एक काठी खांबाच्या सावलीच्या टोकाला रोवली आणि दुसरी नाकाडाच्या सावलीच्या टोकाला. मग म्हणाला, "आता आपण जेवून येऊ. सूर्य सरकला तर दोन्ही सावल्या सारख्या सरकतील. मधलं अंतर वाढलं तर पूल सरकला असं समज." आम्ही जेवून, थोडं झोपून परत आलो तर दोन्ही सावल्या काठ्या सोडून लांब गेल्या होत्या. मामाने पावलं टाकून मधलं अंतर मोजलं आणि मग मला मोजायला लावलं. माझी पावलं छोटी, त्यामुळे आकडा वेगळा आला, पण वाढलं होतं हे नक्की. एवढं मोठं काँक्रीट, कुणाला दिसणार नाही इतक्या हळू, आपल्या डोक्यावरून पुढे चाललंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात शिरलं आणि रात्री झोप लागेना.

तेव्हा कुणालाही विचारलं तरी एकच वाक्य ऐकू यायचं, आता गाडी येणार. गाडी येणार म्हणजे आपल्याकडे येणार असंच सगळे धरून चालले होते. ती वरून जाणार आहे आणि जाताना थांबणार नाहीये, हे पुलाखालच्या माणसांना गाडी सुरू झाल्यावर कळलं.

माझं स्वतःचं गाव खाली सिंधुदुर्गात, कणकवलीच्या बाजूला. वडलांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, बोटीचे दिवस आठवायचे. मुंबईला जायचं तर आधी बंदर गाठायचं, देवगड नाहीतर विजयदुर्ग, तिथे आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहणार आणि होडीतून तिच्यापर्यंत जायचं, पोरं आणि बोचकी हातोहात वर चढवायची. पावसाळ्यात बोट बंद. चाकरमानी मुंबईत आणि घर इकडे, मधे फक्त मनिऑर्डर. १९४७ च्या जुलैमध्ये रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्याची धास्ती तिच्या पिढीच्या मनातून कधी गेलीच नाही. "बोटीन गेलेल्याचा पत्र येयसर जीवात जीव नसायचो," असं ती म्हणायची. पुढे बोटी गेल्या आणि रात्रभराची एसटी राहिली. ज्यांनी तो लाल डब्यातला प्रवास केलाय त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. कशेडी घाटात ओकाऱ्या, परशुराम घाटात ओकाऱ्या, आणि सकाळी गावच्या तिठ्यावर उतरलं की जमीन अजून हलतेय असं वाटायचं.

त्यामुळे रेल्वेची मागणी काही अचानक उपटली नव्हती. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य घातलं, बॅरिस्टर नाथ पै बोलत राहिले, त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झालेले मधू दंडवते बोलत राहिले. दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम आणणारे म्हणून लोक त्यांची आठवण काढतात, आणि ज्याने रात्रभर लाकडावर बसून प्रवास केलाय त्याला त्या दोन इंचांची किंमत विचारा. आपटा ते रोहा लाईन व्हायला १९८६ उजाडलं. मग १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळला, जुलैमध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चारही राज्यांनी पैसे घातले, बाकीचे कर्जरोखे काढून उभे केले. रोहा ते मंगळूर सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. २६ जानेवारी १९९८ ला लाईन पूर्ण खुली झाली. सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी या लाईनला आडवी जाते, जांभ्याच्या खाली मऊ माती लागते, पावसाळ्याचे चार महिने काम निम्म्यावर येतं, आणि तरी साताठ वर्षांत हे झालं. मला आजही याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

पण हे आकडे लाईनचे आहेत. गावाचा हिशोब वेगळा असतो.

आमची जमीन गेली. चाळीस हजारांहून जास्त खातेदारांची गेली, त्यातलेच आम्ही एक. आधी चुन्याच्या खुणा आल्या, मग लाकडी खुंट्या, त्यांना तांबडा रंग. खुंट्यांची रांग आमच्या काजूच्या बागेतून तिरकी गेली आणि तिच्या मधोमध एक फणस आला. बरका फणस होता, आजोबांच्या वडलांनी लावलेला. तोडायच्या आदल्या दिवशी आजी संध्याकाळी एकटीच बागेत गेली आणि दिवा लावून आली. कुणी तिला काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. वडील मात्र खूश होते. ते मुंबईत गिरणीत होते, संपानंतर मिळेल ते काम करत राहिले, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, की जमीन जाते ती जाऊ दे, पण घराकडे यायला सोपं होईल. बागेचे दोन भाग झाले, पलीकडच्या भागात जायचं तर रुळांखालच्या मोरीतून वळसा घालून जावं लागतं, आणि पलीकडची झाडं हळूहळू दुर्लक्षित झाली. वळसा कितीसा, दहा मिनिटांचा. पण रोज पाणी घालायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे काय ते त्यालाच माहीत.

वडलांनी जे धरलं होतं ते खरं झालं, आणि ते कसं खरं झालं हे मला सांगायचंय. आजोबा गेले १९८६ मध्ये. तार मुंबईला दुसऱ्या दिवशी पोचली, वडील त्या रात्री एसटीत बसले, घाटात रस्ता बंद होता, आणि तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा फक्त राख होती. ते पडवीत बसले आणि किती वेळ तरी पायातल्या चपला काढायचं त्यांना सुचलं नाही, हे आई सांगते. आजी गेली तेव्हा गोष्ट वेगळी होती. संध्याकाळी सहाला फोन आला, आम्ही रात्री जनरलच्या डब्यात दाराजवळ उभ्याने बसलो, म्हणजे कधी उभं, कधी बसलेलं, आणि सकाळी कणकवलीला उतरलो. नऊच्या आत घरी. वडलांनी आजीच्या तोंडात पाणी घातलं, खांदा दिला. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा फायदा काय असं मला कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी ती सकाळ येते, बाकीचं सगळं नंतर.

आता बाकीचं. कोकण रेल्वेने कोकणाचं काय केलं या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो, स्टेशनपासून किती किलोमीटरवरच्या कोकणाचं? कारण फरक तिथे पडतो. आमच्या लाईनवर स्टेशनांच्या नावांपुढे 'रोड' फार लागतं. राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड, संगमेश्वर रोड. रोड म्हणजे गाव इथे नाही, इथून गावाला रस्ता जातो. हा एक शब्द परक्या माणसाला कळत नाही, पण पहाटे अंधारात चार बॅगा, एक म्हातारी आणि झोपलेलं पोर घेऊन उतरणाऱ्याला बरोबर कळतो. इंजिनियरांनीही हे मुद्दाम केलेलं नाही. गाडीला वेग हवा तर लाईन सरळ हवी, चढ कमी हवा, मग ती डोंगर आणि खाड्या बघून जाणार, गावं बघून नाही. जुनी गावं तर पाण्याच्या काठाला वसलेली, लाईन मात्र आतून, डोंगराच्या कुशीतून गेली. राजापूर हे अर्जुना नदीवरचं केवढं जुनं व्यापारी बंदर, परदेशी वखारी होत्या तिथे, पण राजापूर रोडला उतरलं की शहरात पोचायला वेगळा प्रवास करावा लागतो. मालवण, देवगड, वेंगुर्ले, गुहागर, दापोली यांच्या तर वाट्याला लाईनच आली नाही.

याच्या उलट कणकवली. गड आणि जानवली या दोन नद्यांच्या मधलं, हायवेवरचं बाजाराचं गाव, आणि स्टेशन अगदी गावालगत. मी कॉलेजला होतो तेव्हा स्टेशनच्या रस्त्याला दिवेसुद्धा धड नव्हते, दोन्ही बाजूला भाताची कोपरं होती. आता तिथे काय नाही? लॉज, मेडिकल, क्लासेस, बिल्डिंगी, रिक्षा स्टँड. रत्नागिरीतही तेच. जुनं शहर मांडवीच्या बंदराकडे तोंड करून बसलेलं, स्टेशन मात्र सहा-सात किलोमीटर आत कोल्हापूरच्या रस्त्याला, आणि मग कुवारबाव फुगत गेलं.

मी याच्याकडे बघताना नेहमी म्हणतो की गावं तोंड फिरवतात. शंभर वर्षांपूर्वी आमच्या सगळ्या गावांचं तोंड समुद्राकडे होतं, माल बंदरात, पैसा बंदरात, बातमी बंदरात. मग रस्ता आला आणि तोंड हायवेकडे झालं. मग गाडी आली. प्रत्येक वेळी ज्याची पाठ झाली तो भाग मागे पडला. खारेपाटणला जाऊन बघा, शिलाहारांच्या काळापासूनचं गाव, विजयदुर्गच्या खाडीतून आत येऊन गलबतं तिथे लागायची. खाडी गाळाने भरली, बाजार हायवेवर सरकला, आणि आता अलीकडे खारेपाटण रोड नावाचं स्टेशन झालंय. म्हणजे एकाच गावाने तीन वेळा मान वळवली. हे चांगलं की वाईट असं मी म्हणत नाही, पण ज्याचं दुकान जुन्या तोंडाला होतं त्याच्या पोरांनी काय करावं, हा प्रश्न प्रकल्पाच्या कुठल्याच कागदावर नसतो, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि गाडी दारात आली तरी ती थांबली पाहिजे ना! कोकण रेल्वेचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, आणि गावोगावी बोलणंही यावरच. केरळची, गोव्याची, कर्नाटकची, दिल्लीची गाडी आमच्या स्टेशनावरून जाते. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर तिच्या वाऱ्याने टोपी उडते. वडील एकदा नांदगावला उभे होते, समोरून एक सुपरफास्ट धडधडत गेली, आणि ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाडी दिसान काय उपयोग? थांबाक होयी." दिवा-सावंतवाडी पॅसेंजर सगळ्यांची, ती जवळपास सगळीकडे थांबते आणि म्हणूनच तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीचं बुकिंग उघडलं की काही मिनिटांत वेटिंग. ज्यादा गाड्या सुटतात, हे मान्य, पण एका लाईनवर किती गाड्या घालणार? रोहा ते वीर एवढाच पट्टा दुहेरी झालाय, तोही २०२१ मध्ये. बाकी सगळी लाईन एकेरी. वीज आली २०२२ मध्ये, वंदे भारत आली २०२३ मध्ये, लाईन मात्र एकच.

एकेरी लाईनची एक गंमतशीर वाटावी अशी पण माझ्या मते फार गंभीर गोष्ट आहे, ती म्हणजे क्रॉसिंग. समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी मधल्या एखाद्या छोट्या स्टेशनावर साईडला घेऊन उभी करतात. वेळापत्रकात तिथे थांबा नसतो. पण गाडी उभी असते, वीस मिनिटं, कधी पाऊण तास. आणि मग रात्री दोन वाजता डब्यातून एकेक माणूस पटापट खाली उतरतो. कधी प्लॅटफॉर्मच्या उलट्या बाजूला, खडीत. त्यांना माहीत असतं की आज गाडी लेट आहे म्हणजे क्रॉसिंग अमुक ठिकाणी पडणार, आणि तिथून घर तीन किलोमीटर. मी एकदा एका बाईला पाहिलं. पदर खोचलेला, डोक्यावर पिशवी, तिने आधी पोराला खाली सोडलं, मग स्वतः डब्याच्या दांडीला धरून लोंबकळली आणि पाय पुरत नव्हता म्हणून क्षणभर तशीच राहिली. शेजारच्या लाईनवरून येणाऱ्या गाडीचा उजेड तेव्हा डोंगरावर पडायला लागला होता. खालच्या एकाने तिला धरून उतरवलं. पुढच्या ठरलेल्या स्टेशनावर उतरली असती तर घरी यायला रिक्षाला चारपाचशे रुपये गेले असते, सकाळपर्यंत एसटी नाही. तिने जे केलं ते चुकीचं आणि जिवावरचं होतं, हे खरंच. पण तिला घर कुठे आहे ते माहीत होतं आणि गाडी घराजवळ उभी होती, याच्याकडे वेळापत्रक लिहिणाऱ्यांनी बघायला नको का? उद्या लाईन दुहेरी होईल, व्हायलाच हवी, पण मग क्रॉसिंगही जाईल आणि हा चोरटा थांबाही जाईल. त्याच्या जागी खरा थांबा देणार का, हे आत्ताच विचारायला हवं.

पावसाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर बोलायला लागलं की मला अवघड जातं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड खाली आली आणि मुंबईकडे जाणारी सुट्टीची स्पेशल तिच्यावर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. आमच्यापासून ते ठिकाण लांब नाही. सकाळी आमच्या गावची माणसं चादरी आणि पाणी घेऊन गेली होती. वर्ष व्हायच्या आत, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशीच दरडीवर गेली. त्यानंतर डोंगर उतरते केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गाड्या हळू चालवायला लागल्या आणि पावसाळ्याचं टाईमटेबलच वेगळं झालं. जून ते ऑक्टोबर रात्रभर लाईनवर माणसं चालतात. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकाची जमीन गेली म्हणून त्याला रेल्वेत नोकरी मिळाली, तो याच कामावर होता. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, अंगावर रेनकोट आणि समोर फक्त दोन रूळ. तो सांगायचा की दगड पडायच्या आधी डोंगराचा वास बदलतो, ओल्या मातीचा कच्चा वास येतो. तो वास आला की तो जागेवरून हलायचा नाही. आणि बांधकामाच्या वेळी जे कामगार बोगद्यांत आणि पुलांवर गेले, त्यातले कितीतरी लांबच्या राज्यांतून आलेले, त्यांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनला आहे. गाडीला वेळ असेल तर मी तिथे दोन मिनिटं उभा राहतो.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जिचं उत्तर मला सापडत नाही. गाडीने येणं सोपं केलं तसं जाणंही सोपं केलं. पूर्वी मुंबईला गेलेला माणूस वर्षातून एकदा यायचा पण महिनाभर राहायचा, भाताची लावणी नाहीतर शिमगा करून जायचा, घराची कौलं चाळून जायचा. आता तो चार वेळा येतो आणि दोन रात्री राहतो. शनिवारी सकाळी उतरतो, रविवारी रात्रीच्या गाडीला परत. माझी स्वतःची तीच तऱ्हा आहे. बारावी झालेलं पोर कॉलेजसाठी गाडीत बसतं ते कायमचंच. आमच्या वाडीत सोळा घरं, त्यातली वर्षभर उघडी असतात पाच, आणि त्या पाचांत बहुतेक सत्तरीच्या पुढची माणसं. आंब्याच्या बागांना राखण करायला नेपाळहून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची पोरं आता मालवणी बोलतात. आंबा अजून जास्त करून ट्रकनेच वाशीला जातो. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रकच्या ट्रक रेल्वेवर चढवून नेतात, डोळ्यांना बघायला सुंदर दिसतं ते, एका मागे एक ट्रक दऱ्या ओलांडून चाललेले, पण तेही आमच्या गावांवरून जातं. गाडीने माणसं नेली-आणली, गावात काम मात्र उभं राहिलं नाही, आणि हे करायचं काम एकट्या रेल्वेचं नव्हतंच. ते जिल्ह्याचं होतं, आमचं होतं. स्टेशनजवळ शीतगृह, काजूचं आणि आंब्याचं काम, सकाळ-संध्याकाळ कॉलेजच्या पोरांसाठी दोन-चार डब्यांच्या लोकल गाड्या, आणि प्रत्येक गाडीला जोडून एक एसटी. यातलं काही पानवलच्या पुलाइतकं अवघड नव्हतं. ६५ मीटर उंचीवर काँक्रीट ढकलणाऱ्या देशाला स्टेशनबाहेर पहाटे एक बस उभी करता येत नाही, हे मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही.

आता आमच्याकडे हायवेही चौपदरी झालाय आणि कणकवलीत बाजारावरून लांबलचक फ्लायओव्हर गेलाय. मागच्या महिन्यात त्याच्याखाली उभा होतो, वरून गाड्यांचा सूं सूं आवाज येत होता, आणि खाली भाजीवाली बाई वर न बघता मुळ्याच्या जुड्या बांधत होती. मला एकदम आजोळचं अंगण आठवलं.

मामा आता साठीच्या घरात आहे. आवाजावरून गाडी ओळखतो, मालगाडी की पॅसेंजर की दुसरी कुठली, आणि सहसा चुकत नाही. वीज आल्यापासून इंजिनाचा आवाज बदलला, तेव्हा त्याला परत सगळं शिकावं लागलं असं म्हणाला. गुडघ्याने त्रास दिल्यापासून तो मुंबईला येत नाही, आणि गाडी पकडायची तर आधी रत्नागिरी गाठायला हवी. मग आम्ही एक ठरवलंय. मी गावाहून रात्रीच्या गाडीने परत निघालो की निवसर गेल्यावर त्याला फोन लावायचा. बोगद्यांत रेंज जाते, मधे मिळाली तर मिळाली. मी दारात येऊन उभा राहतो, दार घट्ट धरून, आणि मामा अंगणात बॅटरी घेऊन. गाडी पुलावर आली की चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो, खाली सगळा काळोख, आणि त्या काळोखात एक बारका पिवळा ठिपका गोल गोल फिरत असतो. मी मोबाईलची लाईट लावून हात हलवतो. वीस सेकंद, जास्तीत जास्त पंचवीस. मग डोंगर येतो.

गेल्या वेळी गाडी पुलाच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली. चारपाच मिनिटं असेल. ठिपका तोपर्यंत फिरतच होता. मी परत फोन लावला, या वेळी लागला. म्हटलं, मामा, दमशील, बंद कर, गाडी सुटली की सांगतो. तर म्हणाला, "असू दे. आज थांबल्ये ना गाडी, मग बघतो जरा."